‘थँक यू’च्या खालचं बटण

बायकोला माझी बहुतेक पापं ठाऊक आहेत. हे एक नाही. लिहायला बसलो की चहा करायला उठतो, असं तीनदा झालंय. आज चहा आधीच पिऊन बसलोय. बघू.

मी वेबसाइट आखतो. म्हणजे कुठे काय लिहायचं, कुठलं बटण कुठे ठेवायचं, लोकांना पान वापरताना अडू नये म्हणून काय करायचं – ते माझं काम. आता ऑफिसातली तरुण मंडळी मला मान देतात. मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगतो, माणूस चुकत नसतो, आपलं पान चुकतं. ते वहीत उतरवून घेतात. ते मी कशावरून शिकलो, हे त्यांना कुठे माहीत?

मी नोकरीला लागलो तेव्हा हैदराबादेत गल्लोगल्ली इंटरनेट सेंटरं उघडत होती. आमचं ऑफिस दिलसुखनगरला, एका कोचिंग सेंटरच्या वरच्या मजल्यावर. पाच माणसं, आणि मालक राव सर. माणूस करडा, पण एक रीत त्यांनी पक्की घालून दिली होती. कुठलीही साइट सुरू करण्याआधी, ज्याने कॉम्प्युटरला कधी हात लावला नाही असं एक माणूस आणायचं, मुद्दाम जुन्या, छोट्या स्क्रीनपुढे बसवायचं, आणि आपण मागे गप्प उभं राहायचं. सांगायचं नाही, शिकवायचं नाही. “अम्मा लोगां को आया तो सबको आता,” ते म्हणायचे.

एका दवाखान्याच्या ट्रस्टने मुलींच्या नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म साइटवर ठेवायला दिला. सगळा फॉर्म मी आखला. शेवटच्या पानावर वर मोठं ‘थँक यू’, खाली हसऱ्या नर्सचा हा एवढा फोटो, त्याच्याखाली ‘माहिती बरोबर आहे, अर्ज पाठवा’ असं बटण. राव सर कधी कुणाला चांगलं म्हणत नसत. त्या पानाला म्हणाले. मी आठवडाभर हवेत होतो.

तपासणीला मी बीडकर बाईंना बोलावलं. कोठीजवळच्या आमच्या मराठी शाळेत चौथीला त्या मला होत्या, आता निवृत्त होऊन मलकपेठेत राहत. बाई इस्त्रीचं पातळ नेसून आल्या. मी मागे उभा राहिलो – हाताची घडी, तोंडावर बोट, त्यांनीच शिकवलेलं. एकेक अक्षर शोधत त्यांनी अख्खा फॉर्म भरला. ‘थँक यू’ आलं. बाईंनी चष्मा काढला, माझ्याकडे वळून म्हणाल्या, “झालं की रे.”

झालं नव्हतं. छोट्या स्क्रीनवर फोटोनेच जागा खाल्ली होती, पाठवायचं बटण खाली दडलेलं. आणि ‘थँक यू’ म्हटल्यावर खाली कोण कशाला बघेल? खिडकीवरच्या कारकुनाने फॉर्म घेतला की आपण तिथे उभे राहतो का?

बटण वर घ्यायला अर्धा तास पुरला असता. पण मग फोटो गेला असता, त्या पानाची शान गेली असती, आणि राव सरांना सांगावं लागलं असतं की तुम्ही वाखाणलेलं पान एका बाईंना कळलं नाही. मी कागदावर लिहिलं – फॉर्म विनाअडचण भरला. बाईंना म्हणालो, पहिल्या नंबराने पास. त्या लाजल्यासुद्धा.

इथवरचं मी कदाचित कधीतरी बायकोला सांगितलंही असतं. पुढचं नाही.

बाईंची भाची वैशाली परभणीहून त्यांच्याकडे राहायला आली होती. वडिलांनी बजावलं होतं, या वर्षी नर्सिंगला लागलीस तर ठीक, नाहीतर परत यायचं, लग्न करायचं. तिने अर्ज केला तो याच ट्रस्टकडे. आणि फॉर्म भरायला बाईच बसल्या. इंटरनेट सेंटरवाला मदत करतो म्हणाला, तर बाई त्याला म्हणाल्या, मला येतं, मी शिकलेय.

मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी आलेले अर्ज छापून ट्रस्टकडे पाठवायचं काम माझ्याकडे होतं. अर्धवट राहिलेल्यांची यादी वेगळी जमा होत असे. उघडली. कितीतरी नावं. सगळे रकाने भरलेले, शेवटचं तेवढं बटण राहिलेलं. मधेच वैशालीचं नाव, बाईंचा पत्ता. मी ते नाव किती वेळ बघत बसलो होतो?

ट्रस्टची निवड अजून व्हायची होती. एक शब्द बोललो असतो तर ते सगळे अर्ज घेतले गेले असते. राव सरांनी शेजारच्या टेबलावरून विचारलंही, “कुछ गड़बड़?” तपासणीच्या कागदावर सही माझी होती. नोकरी जाईल, ही एकच भीती. म्हणालो, “सब ठीक है, सर.” आणि यादी बंद केली.

निवडीची नावं लागल्यावर बाई वैशालीला घेऊन ऑफिसात आल्या. मी बटण दाबलं, थँक यू आलं, मग नाव का नाही, असं विचारत होत्या. राव सर ऐकत होते. मी म्हणालो – शब्द अजून जसेच्या तसे आठवतात – “बाई, शेवटचं बटण राहिलं तुमच्याकडून. नीट खाली बघायला पाहिजे होतं.”

ज्यांनी मला नीट वाचायला शिकवलं, त्यांना मी हे म्हणालो. बाई वैशालीकडे वळल्या. “माझीच चूक गं पोरी. येत नव्हतं तर करायला जायचं नव्हतं.” आठवड्याने वैशाली परभणीला गेली. त्याच आठवड्यात मी गुपचूप बटण वर घेतलं.

बाई आता खूप थकल्यात. दिवाळीला मी जातो. वैशाली तिकडेच संसारात आहे, दोन मुलं आहेत, एवढं बाई सांगतात, आणि विषय बदलतात. गेल्या खेपेला त्यांनी माझ्यासमोर फोनवर गॅस नोंदवला. नोंद झाल्याचं दिसलं, तरी फोन माझ्या हातात दिला. “बघ रे, खाली अजून काही राहिलंय का. माझ्या हातून राहतं.”

मी पान खालपर्यंत सरकवलं. फोन परत दिला.

“नाही बाई,” मी म्हणालो. “काही राहिलं नाही.”