पांढरी दोनमध्ये गाणारा माणूस

दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत मी दहा दिवस एका मेलेल्या माणसाच्या सोबतीने गाडीत बसून डबा खाल्ला. घाबरू नका, तो सीडीवर होता.

सकाळी सातला मी अजमानच्या आमच्या फ्लॅटमधून निघायचो. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात तीन कप्प्यांचा डबा. दारात वळून बायकोला रोजच्यासारखं विचारायचो, "महाराणींची काही आज्ञा?" ती पोळपाटावरून मान न उचलता म्हणायची, "येताना कोथिंबीर." मग खाली येऊन मी शारजाच्या औद्योगिक भागाकडे वळण्याऐवजी उलट्या दिशेला लागायचो. उम्म अल कुवैनला खाडीकाठी वाळूत गाडी उभी केली, की दिवसभर कोणी हटकत नसे.

नोकरी गेली होती. इलेक्ट्रिक मोटरी दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये मी चौदा वर्षं सर्व्हिस मॅनेजर होतो. पंपाच्या, लिफ्टच्या, क्रेनच्या जळक्या मोटरी यायच्या, आम्ही तांब्याची तार नव्याने गुंडाळून त्या परत पाठवायचो. मंदी आली, दुबईतल्या क्रेन जागच्या जागी थांबल्या आणि थांबलेल्या क्रेनची मोटर जळत नाही. मालकाने चहा मागवला तेव्हाच मला कळलं. "भाईसाहब, व्हिसा मार्चअखेरपर्यंत चालू ठेवतो," तो म्हणाला, "पण काम खलास." त्याचेच डोळे भरून आले, मग मीच त्याला दोन विनोद सांगितले.

घरी मात्र सांगितलं नाही. मुलीची दहावी होती आणि पहिल्या पेपरला महिना राहिला होता. बापाची नोकरी गेली, म्हणजे व्हिसा गेला, म्हणजे शाळा, मैत्रिणी, कळायला लागल्यापासूनचं घर, सगळं गेलं. हे डोक्यात घेऊन पोरगी काय केमिस्ट्री लिहिणार? शेवटचा पेपर झाला की सांगायचं असं ठरवलं. तिला सांगायचं नाही म्हणजे बायकोलाही नाही, कारण आमचा फ्लॅट इतका लहान की एका खोलीतला उसासा दुसऱ्या खोलीत ऐकू यायचा. मी नाटकी माणूस आहे, गणेशोत्सवात आमच्या मंडळाची सूत्रं नेहमी माझ्याच हातात. म्हटलं, एक महिन्याचा प्रयोग काय कठीण आहे!

आता त्या मेलेल्या माणसाविषयी. तेव्हा सुपरमार्केटच्या बोर्डावर घर मोडून मायदेशी निघालेल्यांच्या 'मूव्हिंग सेल'च्या चिठ्ठ्या रोज वाढत होत्या. जानेवारीत आम्ही तिघं शारजात एका म्हाताऱ्या आयरिश ड्राफ्ट्समनच्या घरी पुस्तकांचं शेल्फ बघायला गेलो होतो. बायकोने वीस दिरहम ऐकताच मोठ्याने "म्हणजे दोनशे साठ रुपये" असं म्हणून शेल्फ ताब्यात घेतलं. शेल्फमध्ये तीन सीडी होत्या. म्हातारा म्हणाला, "याही न्या. तिन्हींवर एकच गवई, तीच गाणी, मीच बावळटासारखा तीनदा विकत घेतली."

गवई अमेरिकेतल्या कापसाच्या मुलखातला. बाजाराच्या कोपऱ्यावर गिटार घेऊन ब्लूज म्हणणारा. ऐंशी वर्षांपूर्वी एका कंपनीने त्याला चार-दोनदा बोलावलं, त्याच्याकडून गाणी गाऊन घेतली, तबकड्या काढल्या आणि त्याला विसरून गेली. मूळ साचे भंगारात गेले. उरल्या त्या लोकांच्या घरात झिजलेल्या तबकड्या, आणि त्यांवरची बावीस गाणी. तीच बावीस गाणी दर काही वर्षांनी कोणीतरी नव्याने काढतो. फोटोही त्याचा एकच. एकीवर तो लाल, दुसरीवर निळा, तिसरीवर पिवळा. गाण्यामागे सतत खरखर. बायकोने पहिल्यांदा ऐकून विचारलं, "हा गातोय की मोहरी तडतडतेय?" मुलगी खोलीतून ओरडली, "बाबा, प्लीज! नॉट अगेन!" म्हणून तिन्ही सीडींची रवानगी गाडीत झाली.

आणि दहा दिवस मी त्या ऐकल्या. सकाळी तासभर ओळखीच्यांना फोन. "हां हां, सीव्ही भेजो, इन्शाल्ला कुछ होगा." तो 'इन्शाल्ला' कुठल्या सुरात म्हटला जातो त्यावरून मला उत्तर कळायला लागलं होतं. मग लाल माणूस, मग निळा, मग पिवळा. दुपारी डबा, मग पुन्हा लाल. एवढं काही न करून माणूस इतका दमतो हे मला माहीत नव्हतं. वर्कशॉपमध्ये बारा तास उभं राहूनही पाय असे जड झाले नव्हते.

पाचव्या-सहाव्या दिवशी मला वाटलं, निळा माणूस जरा सावकाश गातो. आधी वाटलं, डुलकी लागली असेल. मग घड्याळ लावलं. तेच गाणं, तेच शब्द, तीच मोहरी. लाल सीडीवर दोन मिनिटं पन्नास सेकंद, पिवळीवरही तेवढंच, निळीवर तीन मिनिटं अकरा. मी गाडीत एकटाच टाळी वाजवली! जन्मभर मोटरींचे फेरे मोजलेला माणूस मी. त्या काळची रेकॉर्डिंगची यंत्रं वजनावर नाहीतर स्प्रिंगवर चालायची, कोणाचा वेग कोणाला जुळायचा नाही. यंत्र मिनिटाला सत्तर फेऱ्यांनी फिरलं असेल, आणि नंतरच्यांनी सरसकट अठ्ठ्याहत्तरने वाजवलं, तर माणूस धावायलाच लागणार. दोघांतला एक वेग खोटा होता. पण कोणता?

हे पोटात ठेवणं मला जमणार होतं का? नोकरी गेल्याची बातमी मी दहा दिवस दाबली, ही बातमी मला शुक्रवारपर्यंतसुद्धा जड झाली.

शुक्रवारी तिकडे सुट्टी, त्या सकाळी बायको चार मुलींना गाणं शिकवायची. त्या गेल्या, आणि ती पेटी बंद करणार तेवढ्यात मी दोन्ही सीडी घेऊन मंचावर अवतरलो. हातवारे करून सगळं सांगितलं, सेकंदांसकट. तिने ऐकून घेतलं. मग लाल सीडी लावायला लावली, पेटीवर एक पट्टी दाबून धरली. "पांढरी तीन." मग निळी. "पांढरी दोन. अख्खा एक सूर खाली."

"मग खरा कोणता, गुरुमाउली?"

तिने दोन्ही पुन्हा ऐकल्या. निळी ऐकताना डोळे मिटले होते. "हा. निळा."

"कशावरून?"

"श्वासावरून. निळ्यात ओळ संपली की तो थांबतो, छाती भरून घेतो, मग पुढे जातो. लालमध्ये ते थांबणं उचकी लागल्यासारखं वाटतं. कोणी माणूस असा श्वास घेत नाही." ती पेटीच्या भात्याची कडी लावत म्हणाली, "तो दमलाय हो. दमलेल्या माणसाला भरभर वाजवलं की तो मजेत आहे असं वाटतं."

मी "वा!" म्हणायला तोंड उघडलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ते 'वा' तसंच राहिलं.

"एक गाणं दोन सीडींवर घड्याळ लावून ऐकायला किती वेळ लागतो?" तिने हळू विचारलं. "बावीसच्या बावीस तपासलीत म्हणता. ऑफिसात?"

मी म्हटलं, "जाता-येता, गाडीत..."

"दहा दिवस डबा न विसळता येतोय. चौदा वर्षं ऑफिसातून विसळून यायचा." ती मुलीच्या बंद दाराकडे बघत आणखी हळू बोलली. "पहिल्या दिवशी वाटलं विसरलात. तिसऱ्या दिवशी कळलं. वाट बघत होते. तुम्ही महाराणी महाराणी करत होतात."

मी सांगितलं. हातवारे न करता सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. ती रडली नाही, रागावली नाही. पेटीवर हात ठेवून म्हणाली, "पेपर होईपर्यंत तिला काही कळता कामा नये. तुम्ही रोज निघा. आणि तो डबा विसळून आणा, नाहीतर तिच्याही लक्षात येईल."

दार उघडलं. मुलगी हातात पुस्तक घेऊन बाहेर आली. "आर यू गाइज फायटिंग?"

"नाही गं," बायको म्हणाली. "बाबांचा गवई ऐकत होतो."

"ही साउंड्स सो टायर्ड," असं म्हणून ती पाण्याची बाटली घेऊन आत गेली.

रविवारपासून प्रयोग पुन्हा सुरू झाला, फक्त आता खोटं बोलणारे आम्ही दोघं होतो. मशिदीमागच्या नळावर मी रोज डबा विसळायचो. कधी मुलगी शाळेत गेली की बायको भाजी आणायच्या नावाखाली माझ्याबरोबर यायची. आम्ही खाडीकाठी निळी सीडी लावून पोळी-भाजी खायचो आणि आळीपाळीने लोकांना फोन करायचो. तिचं हिंदी माझ्यापेक्षा करारी. उम्म अल कुवैनमधल्या एका पंपवाल्याने शेवटी मला अर्ध्या पगारावर घेतलं, तेही तिच्याच फोनमुळे. पण ते एप्रिलमधलं.

शेवटच्या पेपरच्या दिवशी आम्ही दोघं शाळेच्या फाटकाशी गाडी घेऊन थांबलो. मुलगी येऊन पुढे बसली, पेपर ईझी होता म्हणाली. मी प्रस्तावना तयार ठेवली होती. घसा खाकरला, एक हात स्टिअरिंगवरून उचलला, "तर राजकन्ये, ऐक..."

मागच्या सीटवरून बायकोचा आवाज आला, "पांढरी दोन."

मी हात खाली घेतला. म्हटलं, "माझी नोकरी गेली आहे. फेब्रुवारीतच. तुला सांगितलं नाही."

एक सिग्नल गेला, दुसरा गेला. मला वाटलं आता शाळेचं विचारेल, मैत्रिणींचं विचारेल.

"सो बाबा," ती म्हणाली, "इतके दिवस लंच कुठे करत होतात?"

मी म्हटलं, "चल, दाखवतो." आणि घराचं वळण सोडून गाडी उम्म अल कुवैनच्या रस्त्याला लावली.