खिडक्यांची भिंत

माझी थोरली बहीण मुळात दुकानांच्या पाट्या रंगवायची. छापील फलक आले आणि तिचं काम बसलं. दुसरी कुणी असती तर कपाळाला हात लावून बसली असती. हिने बंद पडलेलं एक गॅरेज भाड्याने घेतलं, मातीच्या टाइल भाजायला भट्टी बांधली आणि गल्लीतल्या लोकांना कामाला लावलं. शिवणकाम सोडलेली एक मावशी, निवृत्त पोस्टमन, दोन भांडकुदळ जावा असा तो गोतावळा. घरांच्या नंबरपाट्या, शाळेची भिंत, दवाखान्याचा व्हरांडा, बारा वर्षं कारखाना याच लोकांच्या हातांवर चालला. मी भट्टी सांभाळायचो आणि कुरकुरायचो.

"ताई, चार कसबी कारागीर ठेव. या हौशी मंडळींच्या नादात आपण बुडणार."

"बुडू तेव्हा बघू," ती म्हणायची.

मग नव्या वाचनालयाची दर्शनी भिंत मिळाली. ताईची कल्पना अशी की गल्लीतल्या घराघराने एकेक टाइल करायची, आपल्या खिडकीतून जे दिसतं ते तिच्यावर काढायचं आणि घरं जशी उभी आहेत त्याच क्रमाने त्या भिंतीवर लावायच्या. शनिवारी सकाळी इंजिनियर मांडणी बघायला येणार होते. ती पसंत पडली नाही तर काम छापील टाइलवाल्यांकडे जाणार होतं, आणि आमच्या हातात दुसरं काम नव्हतं.

शुक्रवारी दुपारी मी भट्टी उघडली. रंग असे काही उतरले होते की मीसुद्धा खूश झालो. पहिली टाइल उलटी केली तर मागे घातलेला घराचा नंबर गायब. दुसरीचाही गायब. नंबर घालायचं काम माझं, आणि भट्टीत टिकणारा रंग संपला म्हणून मी ते साध्या पेनाने घातले होते. बारा वर्षं भट्टीपाशी काढलेला माणूस मी! शे-सव्वाशे टाइल, आणि निम्म्यांवर झाडं नाहीतर तारा. कुणाचं झाड कुठलं, देव जाणे.

ताईला सांगितलं. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिने सरळ चपला घातल्या आणि गल्लीत दारोदार गेली.

तासाभरात कारखान्याचं अंगण भरलं. "ही माझी! ही गळकी टाकी रोज बघते मी," मावशी ओरडली. पोस्टमनने आपली टाइल लांबूनच ओळखली. जावांची मात्र जुंपली, कारण दोघींच्या खिडकीसमोर एकच झाड.

"या टाइलवरची तोडलेली फांदी माझ्या बाजूची आहे," थोरली जाऊ म्हणाली, "आणि ती तुझ्याच नवऱ्याने तोडलीय!"

धाकटीने दुसरी टाइल उचलली. टाइल छातीशी धरून सगळे घरांच्या क्रमाने उभे राहिले आणि एकेक करून त्या जमिनीवर मांडत गेले. एकही बेवारशी उरली नाही. माझा जीव भांड्यात पडला. माझे ते कसबी कारागीर असते, तर आज टाइल ओळखायला कोण आलं असतं?

दुसऱ्या दिवशी इंजिनियर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालले आणि म्हणाले, "लावायला घ्या."

ताई तिथेच मटकन खाली बसली. रात्रभर ती किती घाबरलेली होती ते मला तेव्हा कळलं.

"पण मधली ही एक जागा मोकळी का?" इंजिनियरांनी विचारलं.

"ते आमचं घर," ती म्हणाली. "त्याची टाइल माझा भाऊ करणार आहे."

हे तिने मला कधी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं. मी मुकाट्याने बाह्या सरसावल्या आणि मातीच्या पिंपात हात घातला.