ओझ्यांची वही

दारात आल्यावर लीशेट गठडी लगेच उतरवत नसे. ती कशी आणली, ते आधी सांगे. पाठीवरच्या रेशमी कापडाच्या गठडीवर थाप मारून म्हणे, "पेइ!" मग तीच खांद्यावर घेऊन, "खांग!" त्यानंतर बसायचा.

चीनमधून आलेला हा फेरीवाला परभणी, पेडगाव, झरी पायीच करी. मी तेव्हा झरीच्या सरकारी शाळेत मास्तर होतो. त्याची एकच तक्रार असे, "मास्तर, तुम्हारा घागर नेणे, पोरगा नेणे, पोतं नेणे. सब नेणे! हमारे यहां हर एक का अलग."

तो सांगे, मी वहीत मोडीत उतरवून घेई. मूल कवेत घ्यायचं ते पाव. हातात लोंबतं न्यायचं ते थी. पोखर्णीच्या वाटेवर कावडवाला दिसला, तर हा भर रस्त्यात नाचला, "थ्याव! मेरे गांव का आदमी!"

बायको म्हणाली, "हिरीवरून एक घागर आणू लागत न्हाईत, अन् वझं उचलायचे शब्द शिकायलेत!" लीशेट खूप हसला. मग चहाची काठोकाठ भरलेली वाटी दोन्ही हातांत धरून, थेंबही न सांडता त्यानं तिच्यापुढं नेली. "भाभी, त्वान."

निजामी राजवटीच्या शेवटच्या उन्हाळ्यात, शब्दांशेजारी चित्रं काढून देतो म्हणून त्यानं वही नेली. चार दिवसांनी पोलिसांचा अमीन त्याला धरून शाळेत आला. गठडीत वही सापडली होती. अमीनला उर्दूच येई. माझी घाईची मोडी त्याला चिनी वाटली. त्यात डोक्यावर, खांद्यावर ओझी नेणारी माणसं काढलेली.

"जासूस है. मास्तर, ये लिखाई किसकी?"

माझी, एवढंच म्हणायचं होतं. पण मराठी मास्तरांवर तेव्हा पाळत होती, आणि नोकरीवर घर चालत होतं.

"उसी की," मी म्हणालो.

लीशेटनं माझ्याकडं पाहिलं. नाकारलं नाही. हद्दपारीचा हुकूम ऐकून त्यानं गठडी पाठीवर घेतली. त्या दिवशी मात्र "पेइ" म्हणाला नाही. पुन्हा कधी दिसलाही नाही.

झरीत अजून कोणी कोणी सांगतं, "चिनी हेर आल्ता, आपल्या मास्तरानं वळखला." इतकी वर्षं मी ते मान खाली घालून ऐकत आलो.

तो हेर नव्हता. अक्षर माझं होतं.