हयचं की होचं

गोव्यात सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक वजन करायच्या काट्याजवळ एक कॉम्प्युटरवाला बसायचा. बोलायच्या आधी तो चष्मा पुसायचा, आणि पुसून झाला की बरेचदा बोलायचंच राहून जायचं.

वजन पडद्यावर आलं की मान्य आहे म्हणून ड्रायव्हरनेच 'एच' दाबायचा. कोंकणी की मराठी, हा वाद तेव्हा गरम होता, आणि कोंकणीत 'हो'ला 'हय' म्हणतात. मी ड्रायव्हर, दुसरी शिकलेला, पण मराठीत. विचारलं, "हा एच 'हय'चा की 'हो'चा? हयचा असला तर माझा ट्रक काट्यावरून हलणार नाही."

त्याने चष्मा पुसला. "काका, कळ पडली की यंत्र पुढचं ऐकायला थांबत नाही. पुढचं तुम्ही मनात म्हणा."

माल बार्जमध्ये चढवायच्या जेटीवरचं यंत्र मात्र वेगळ्या जातीचं. तिथे त्याच्या शब्दावर नुसता एच दाबून मी निघालो, आणि ते एंटरची वाट बघत बसलं. वजन नोंदलंच गेलं नाही. मागे ट्रकांची रांग, आणि सगळे हसतात, "काका, मशीन तुज्यार रुसलें!" मी ट्रकातून उतरलो नाही.

दुसऱ्या दिवशी तो कॉम्प्युटरवाला स्कूटरने जेटीवर आला. दुपारपर्यंत बसून त्याने त्या यंत्रालाही एका कळीत ऐकायला लावलं. मग बाहेर येऊन सगळ्यांसमोर म्हणाला, "चूक काकाची न्हय, म्हजी."

तो कोंकणीवाला, हे मला तेव्हा कळलं. माझ्याशी इतके दिवस मराठी बोलत होता.

पुढच्या खेपेला सुर्ल्याच्या काट्यावर मी एच दाबला आणि मनात 'हो' म्हटलं. मग त्याच्याकडे बघून तोंडाने 'हय' म्हटलं. एकदाच.