कार्डाचा कोपरा

सांगलीच्या कॉलेजात जायला निघालो त्या सकाळी गल्लीतल्या चार-पाच बायका आमच्या दारात येऊन बसल्या होत्या. मला वाटलं, निरोप द्यायला आल्या असतील. पण प्रत्येकीच्या कनवटीला एकेक पत्र होतं. जायच्या आधी एवढं वाचून दाखव, असं त्यांचं म्हणणं होतं.

रहिमतपूरपासून दीड कोसावर आमचं गाव. महायुद्ध चालू होतं आणि घरटी एक माणूस पलटणीत होता. गावात मॅट्रिक झालेला मी पहिलाच. मराठी शाळेचे मास्तर पत्र वाचून देत, पण पलटणीचा इंग्रजी पत्ता लिहायचा तर लोक माझ्याकडं येत. पत्र वाचायची एक रीत होती, ती मला नववी-दहावीपासूनच पाठ झाली होती. खुशालीचं पत्र घरात बसून, गुळपाणी घेऊन वाचायचं. कोपरा फाडलेलं कार्ड मात्र उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही. माणूस गेल्याचं कळवणाऱ्या कार्डाचा एक कोपरा लिहिणाराच फाडून टाकतो. वाचणाऱ्यानं ते बाहेर उभ्यानं वाचायचं आणि तिथंच त्याचे तुकडे करायचे. अशी कार्डंही मी वाचली होती. वाचून झाल्यावर घरी येऊन आंघोळ करायचो.

माझा थोरला भाऊ ब्रह्मदेशाच्या बाजूला लढाईवर होता. त्याच्याच पगारावर मी कॉलेजात निघालो होतो, हे इथंच सांगून टाकतो. त्याच्या लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. आमच्या जिल्ह्यात चळवळीच्या त्या काळात तारा तुटत होत्या, डाकेच्या थैल्या वाटेत नाहीशा होत होत्या. सांगली संस्थानात पडायची, तिथं डाक धड येईल, म्हणून वडिलांनी ठरवलं की भावानं पत्रं सांगलीला माझ्या पत्त्यावर पाठवायची आणि त्यातला मजकूर मी कार्डावर उतरवून घरी कळवायचा. घरी येणारं एखादं कार्ड वाटेत गेलं तरी मूळ पत्र माझ्यापाशी राहील, असा त्यांचा हिशेब होता. म्हणजे भावाची खुशाली घरी कळायला आता माझं कार्ड एवढाच आधार होता. निघताना वहिनी चुलीपुढून उठल्या नाहीत. आतूनच म्हणाल्या, "भावजी, कार्ड टाकत जावा. काय नसलं तरी टाकत जावा."

सांगलीत मला एका हळदीच्या व्यापाऱ्याच्या वखारीमागं खोली मिळाली. व्यापारी जैन होता, भला माणूस. खोलीत दुसरा मुलगा जत भागातला, घरी कानडी बोलणारा. वखारीतल्या हळदीचा धुरळा आमच्या अंथरुणावर, पुस्तकांवर बसायचा, आणि कॉलेजात गेलो की सदऱ्याच्या काखा पिवळ्या दिसायच्या. वर्गात प्राध्यापक इंग्रजीतून बोलत. मला एकेक शब्द कळायचा, वाक्य कळायचं नाही. पहिल्याच आठवड्यात हजेरीनंतर कुणीतरी काही विचारलं आणि मी "न्हाई" म्हणालो. पुढं महिनाभर ती मुलं मला पाहिलं की एकमेकांना "हाय का? न्हाई" असं करत. जतचा मुलगा मराठी बोलायला लागला की आणखी हसत. आम्ही दोघांनी मग बोलणंच कमी केलं. मी शहरी बोलणं ऐकून ऐकून घोकायला लागलो, अक्षर वळणदार काढायला लागलो. वहीवर डाग पडला तर अख्खं पान पुन्हा लिहून काढायचो. संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर जाऊन बसायचो. आमच्या गावाकडचंच पाणी खाली वाहत इथं येतं, एवढाच एक विचार बरा वाटायचा.

दसऱ्याच्या सुमाराला भावाची पत्रं थांबली. एक महिना गेला, दुसरा गेला. वहिनींना शब्द दिला होता तसं काही नसलं तरी कार्ड टाकत होतो, पण "पत्र नाही" हे किती वेळा लिहिणार? मग मीही लांबवायला लागलो. अभ्यासात लक्ष लागेना. पोस्टमन वखारीच्या फाटकाशी आला की वही टाकून धावायचो, आणि तो पुढं गेला तरी तिथंच उभा राहायचो.

एका दुपारी पत्र आलं. भाऊ हिवतापानं आजारी पडून इस्पितळात होता, आता उठून फिरतो आहे, काळजी करू नये, असं त्यानं कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं. खाली त्याचा अंगठा. मी त्या अंगठ्यावर बोट फिरवत बसलो. मग घाईनं कार्ड काढलं. एकच शिल्लक होतं. डाक निघायला थोडा वेळ होता. सगळा मजकूर सुवाच्य अक्षरात लिहून झाला आणि दौत सरकवताना शाईचा मोठा थेंब कार्डाच्या वरच्या कोपऱ्यावर पडला. तो डाग मला बघवेना. मी पट्टी ठेवून तेवढा कोपरा सरळ रेषेत फाडून टाकला आणि धावत जाऊन कार्ड पेटीत टाकलं. जतचा मुलगा घरी गेला होता. तो असता तर त्यानं माझा हात धरला असता. मला मात्र काहीसुद्धा सुचलं नाही. गावभर कार्डं वाचत फिरलेल्या मला.

पाचव्या दिवशी सकाळी कॉलेजला निघालो तर वखारीच्या फाटकाबाहेर वडील उभे. सांगली त्यांनी कधी पाहिली नव्हती. डोक्याला पटका नव्हता, नुसतं उपरणं. मी धावत गेलो, आत चला म्हणालो. ते हलले नाहीत. पाणी आणतो म्हटलं तर नको म्हणाले.

"सुतक हाय," ते म्हणाले. "आत न्हाई येत."

मला वाटलं, आई.

"कोण गेलं, आबा?"

ते म्हणाले, "मला काय इचारतोस? तूच कळिवलंस की."

खांद्यावरच्या घोंगडीच्या टोकाला मारलेली गाठ त्यांनी सोडली. आत माझं कार्ड होतं, चौघडी केलेलं, वरचा कोपरा सरळ फाटलेला. त्यांनी ते हातात न देता फाटकाच्या दगडावर ठेवलं.

"मास्तरची बदली झाली. दुसरा आला न्हाई. असलं कार्ड पोरांच्या हातात कसं द्यावं? आन् परक्याच्या तोंडनं ऐकवंना. तू लिवलंस, तूच वाच."

मी वाचलं. चार ओळी होत्या. भाऊ बरा आहे, हिंडतो आहे. माझाच आवाज मला परका वाटत होता. वडिलांनी पुन्हा वाच म्हणून सांगितलं. दुसऱ्यांदा वाचताना ते हळूहळू खाली बसले. पाठीमागं हळदीची पोती रचलेली होती, त्यांना टेकले.

"मग कोपरा का फाडलास?"

"शाई सांडली होती, आबा."

ते मला मारतील असं वाटलं, मारायला हवं होतं. बोलले ते अगदी हळू.

"म्हाताऱ्या जमल्या, कुणाचं ऐकनात. तुझ्या वैनीच्या बांगड्या फोडल्या रं."

त्यांनी पाणी मागून घेतलं आणि मी त्यांच्याबरोबरच दुपारच्या गाडीनं निघालो. मिरजेला फलाटावर बसलो असताना त्यांच्या पाठीवरची हळद मी झटकायला लागलो, तर म्हणाले, राहू दे.

घरी पोचलो तर पोस्टमननं कार्ड कुठं ठेवलं, कसा न बोलता निघून गेला, आई कशी पडली, सगळं शेजारणींनी मला दारातच सांगितलं. वहिनी मागच्या पडवीत होत्या. कपाळ मोकळं. मनगटावर काचेचे ओरखडे अजून लाल होते. मला म्हणाल्या, वाचा. मी उंबऱ्याच्या आत बसून वाचलं. पुन्हा वाचा म्हणाल्या. चार वेळा वाचल्यावर त्या उठून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी कासाराला बोलावून आईनं त्यांना हिरव्या बांगड्या भरल्या. पण गल्लीतल्या एक-दोघींनी पुढं कित्येक दिवस त्यांना हळदीकुंकवाला बोलावलं नाही. जिचं कुंकू एकदा पुसलं तिला बोलवावं का, असा त्यांना प्रश्न पडला होता.

मी कॉलेज सोडतो म्हणालो. मनापासून म्हणालो. हे शिक्षण माझं काय करायला लागलं आहे, याची मला भीती वाटत होती. बोलल्या त्या वहिनी.

"मग ह्यांची पत्रं तिकडं सांगलीला येतील ती कोण घेणार? जावा तुमी. आन् नीट लिवा."

मी गेलो. पुढच्या वर्ष-सव्वा वर्षात टाकलेल्या प्रत्येक कार्डाचे चारी कोपरे मी पेटीशी उभा राहून तपासले. इंग्रजी हळूहळू कळायला लागलं, मुलं हसायची थांबली, पण त्यात आनंद होण्यासारखं काही उरलं नव्हतं. रोज संध्याकाळी मला त्या मनगटावरचे ओरखडे दिसत.

भाऊ लढाई संपल्यावर परत आला. बारीक झाला होता, पलटणीत अक्षरओळख शिकून आला होता. बी. ए. झाल्याचं कार्ड मी घरी टाकलं तेव्हा तो घरीच होता. गावातला पहिला पदवीधर त्याच्या पगारावर झाला होता, म्हणून ते कार्ड त्यानंच आधी वाचावं असं मला वाटत होतं. पण त्यानं हात पुढं केला तेव्हा वहिनींनी ते आधी आपल्याकडं घेतलं, एकेक करून चारी कोपरे बोटांनी चाचपले आणि मग त्याच्या हातात दिलं. हे भावानं मला पुढं हसत हसत सांगितलं. मला त्याच्याबरोबर हसता आलं नाही.