मोठा मणी

मी रोझरी शिकलो त्यात श्रद्धेचा भाग कमी आणि तळलेल्या बांगड्याचा जास्त. बेंगळुरूत, शिवाजीनगरच्या बाजारामागच्या एका गल्लीत, बसचे हॉर्न उशाशी वाजावेत इतक्या जवळ, मी वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. खाली घरमालकीण. वसईची कॅथलिक बाई, लग्न होऊन बेंगळुरूला आलेली, नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, मुलगा कॅनडात. मी पुण्याचा, इंदिरानगरच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर तपासणारा. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. हे आधीच सांगून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल.

मी त्यांना मावशी म्हणायचो, त्या मला पुणेकर म्हणायच्या. एका शुक्रवारी संध्याकाळी खालून तळणाचा वास आला आणि मी उगाचच नळ गळतोय असं सांगायला खाली गेलो. नळाला काही झालं नव्हतं, आणि हे त्यांनाही कळलं. म्हणाल्या, जेवायचं असेल तर आधी बस आणि उत्तर दे.

रोझरी, म्हणजे कॅथलिकांची माळेवरची प्रार्थना, एकट्याची नसते, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे एकट्यानेही म्हणतात, पण मावशींच्या घरी दोघांची होती. एकाने प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हणायचा, दुसऱ्याने उरलेला म्हणून उत्तर द्यायचं. मावशींचा अर्धा मरियेला नमस्कार करण्याचा. उत्तराचा अर्धा चाळीस वर्षं नवऱ्याचा होता, 'आता आणि आमच्या मरणाच्या वेळी' आमच्यासाठी विनंती कर, असा. गल्लीतल्या बायका तमिळमध्ये म्हणत, मुलगा फोनवर इंग्रजीत. मराठीत उत्तर देणारं आसपास कोणी उरलं नव्हतं. इंग्रजीत म्हटलं की साहेबाकडे रजा मागितल्यासारखं वाटतं, असं त्या म्हणायच्या.

पहिल्या दिवशी सगळं संपल्यावर मी सवयीने उजव्या हाताखाली डावा धरून हात पुढे केला, प्रसादासाठी. मावशींनी हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि डब्यातलं एक मारी बिस्किट हातावर ठेवलं. पुढे पाच महिने दर मंगळवारी आणि शुक्रवारी, न हसता, त्या बिस्किट ठेवत राहिल्या.

माळ त्यांच्या हातात असायची. दहा बारके मणी, मग एक सुटा मोठा मणी, की पुन्हा दहा; अशी पाच दशकं. प्रत्येक दशकाच्या सुरुवातीला त्या एकेक रहस्य जाहीर करत, येशूच्या आयुष्यातला एकेक प्रसंग. मंगळवार-शुक्रवारची पाचही दुःखाची. पहिलं बागेतलं, येशू मरणाच्या आदल्या रात्री घाबरून प्रार्थना करतो ते. ते मला पाठ झालं, कारण तोवर माझं लक्ष ताजं असायचं. पुढच्या चारांच्या वेळी कान उत्तराकडे आणि नाक स्वयंपाकघराकडे.

मग मावशींना गिळताना दुखायला लागलं. दोन महिन्यांत घशाचं ऑपरेशन झालं आणि गळ्याला भोक पाडून नळी बसवली. आवाज गेला. त्या वहीत लिहून बोलायच्या. हॉस्पिटलात मला त्यांनी पहिल्यांदा एक पूर्ण पान लिहून दाखवलं. त्यांचे मिस्टर गेले ते रोझरी म्हणतानाच. तिसरं दशक चालू होतं, ते उत्तर द्यायचे थांबले, मान टेबलावर. ह्या उठून ॲम्ब्युलन्सला फोन करायला धावल्या. माळ तशीच खुर्चीवर. नंतर इतकी माणसं, इतकी धावपळ, की त्या दिवशीची ती माळ त्यांनी कधी पूर्ण केलीच नाही. पानाच्या शेवटी लिहिलं होतं: माझी अर्धी ठेवू नकोस, पुणेकर.

मी म्हटलं, "मावशी, पाचही करीन. शप्पथ."

त्यांनी उशीखालून माळ काढून माझ्या हातात दिली. मी आयुष्यात पहिल्यांदा ती धरली.

त्यानंतरचा मंगळवार. दुपारी चार, भेटीची वेळ. उजव्या हाताला सलाईन असल्यामुळे वही बंद. मोबाईल बाहेर ठेवायला लावलेला. मी स्टूलवर बसलो आणि दोन्ही अर्धे मीच म्हणू लागलो, त्यांचा आणि माझा. त्यांचे ओठ माझ्या अर्ध्याला हलत होते. बागेतलं रहस्य छान पार पडलं. दहा मणी झाले, बोट मोठ्या मण्याशी आलं. तिथली प्रार्थना म्हटली. आता दुसरं रहस्य.

दुसरं कुठलं? आठवेना. आणि त्याच क्षणी मदतीला धावून आले माझे आजोबा. त्यांची रुद्राक्षाची माळ होती आणि तिचा नियम लहानपणी आमच्या अंगात भिनवलेला होता: मोठ्या मण्याला मेरू म्हणतात, मेरू ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची. ओलांडला तर केलेला जप फुकट. मला हायसं वाटलं. मी माळ सफाईने उलटवली आणि त्याच दहा मण्यांवरून परत निघालो. तेच मणी म्हणजे तेच रहस्य, असा हिशेब करून पुन्हा बागेतलंच जाहीर केलं.

मावशींनी डोळे उघडले. डाव्या हाताने माझ्या मनगटावर चापट मारली. मी म्हणतच राहिलो. त्यांनी आणखी जोरात मारली, मग बोटाने हवेत पुढे, पुढे असं काहीतरी ढकललं. नळीतून घरघर येऊ लागली.

"दुखतंय का मावशी?"

त्यांनी मान हलवली. नाही. स्पष्ट, दोनदा, नाही.

पण बायका दुखत असलं तरी नाहीच म्हणतात, हे मला माहीत होतं. मला बरंच काही माहीत असतं. त्यांनी माझ्या हातातली माळ धरली आणि ओढायला लागल्या, तेव्हा मी घाबरून सिस्टरला हाक मारली. सिस्टरने येऊन कन्नडमध्ये विचारलं, काय होतंय. तिला हिंदी येत होतं. पण मी नुकताच ऑफिसच्या कन्नड वर्गाला जाऊ लागलो होतो आणि शिकलेलं वापरायची संधी शोधत होतो.

"तुंबा नोवु, सिस्टर," मी म्हणालो. खूप दुखतंय.

तिने डॉक्टरांना विचारलं आणि सलाईनमध्ये इंजेक्शन दिलं. मावशी माझ्याकडे बघत होत्या. त्या नजरेला मी तेव्हा वेदना म्हटलं. हळूहळू माळेवरची त्यांची बोटं सैल झाली. झोपलेल्या माणसापुढे काय म्हणायचं, उरलेली उद्या करू, असं ठरवून मी माळ खिशात टाकली आणि खाली जाऊन कॉफी प्यायलो. कॉफी चांगली होती.

सकाळी दात घासताना फोन आला. त्या मधे जाग्या झाल्याच नव्हत्या.

मुलगा पोचेपर्यंत दोन दिवस गेले. घरी आणल्यावर शवपेटीभोवती गल्लीतल्या बायका तमिळमध्ये रोझरी म्हणत होत्या. मी भिंतीशी, समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या अक्कांच्या शेजारी बसलो होतो. शब्द कळत नव्हते म्हणून त्यांच्या बोटांकडे बघत होतो. दहा मणी झाले. मोठा मणी आला. बोट त्याच्यावर थांबलं, प्रार्थना झाली, आणि बोट सरळ पुढे गेलं. पलीकडच्या दहांवर.

मी आणखी एक दशक पाहिलं. मग मोडक्यातोडक्या हिंदीत कुजबुजून त्यांना विचारलं, हा मोठा मणी ओलांडतात का? अक्कांनी मला वेड लागल्यासारखं पाहिलं. म्हणाल्या, "नाही ओलांडला तर बाग संपणार कधी?"

मुलगा जवळ आला. रोझरी मम्मीच्या हातात गुंडाळायची आहे, तुमच्याकडे आहे ना, असं त्याने विचारलं. मी खिशातून काढून दिली. त्याने ती हातात घेऊन जरा वेळ पाहिली. आपण नव्हतो, हे त्याला खात असावं.

"पूर्ण झाली ना? पाचही?"

मी म्हणालो, "हो. पाचही."

त्याने माझा खांदा दाबला. आभार मानले. चुका शोधण्याचा पगार घेणाऱ्या माणसाकडून एवढी मोठी चूक सुटली आणि वर शाबासकी मिळाली.

स्मशानभूमीत मी मागे उभा राहिलो. उरलेल्या चार रहस्यांची नावं मोबाईलवर शोधली: फटके, काट्यांचा मुकुट, खांद्यावरचा क्रूस, क्रूसावरचं मरण. माळ पेटीत होती, म्हणून बोटांच्या पेरांवर मोजायला लागलो. दोन्ही अर्धे मनातल्या मनात. फटके संपले तेव्हा पेटी खाली सोडत होते. मुकुट संपेपर्यंत माती टाकून झाली होती. मिस्टर जिथे थांबले होते ते तिसरं दशक मी ओलांडलं, पण कुणाच्या नावावर, ते मला सांगता येणार नाही. चौथ्यात लोक पांगले. पाचव्याला मी ऑटोत बसलो होतो, आणि मीटर टाका म्हणून भांडण्यात एकदा मोजणी चुकली, तर ते दशक पहिल्यापासून घ्यावं लागलं. सिग्नलला कुठेतरी संपलं. सवयीने हात पुढे झाला असावा, कारण ड्रायव्हर आरशातून बघत होता.

त्याने विचारलं, "कन्नड बरुत्ता सर?" कन्नड येतं का.

नाही म्हटलं.