माठाशेजारची बाटली

"बाटली फेकायची नाही, वहिनी! आख्खी शेड तिच्यावर उभी आहे."

"शेड उभी आहे आणि माझा नवरा आंधळा होतोय, जयवंतभाऊ! सोडा हात!"

मरोळच्या त्या वेल्डिंगच्या शेडमध्ये कुणाची बायको कधी पाऊल टाकत नसे. द्रौपदी मात्र जेवणाच्या सुट्टीत सरळ आत शिरली आणि माठाशेजारची डोळ्यांच्या औषधाची बाटली तिनं मुठीत धरली. तिचा नवरा राजाराम डबा उघडा टाकून खाली मान घालून बसला होता.

शेडची रीतच होती. सकाळी मशीनला फूल वाहिलं, की मुकादम जयवंत बाटली काढायचा. पहिला थेंब स्वतःच्या डोळ्यांत, मग माना मागे टाकून ओळीनं उभ्या राहिलेल्या सगळ्यांच्या. वेल्डिंगनं लाल झालेले डोळे तासाभरात पांढरे. केमिस्ट डॉक्टरची चिठ्ठी विचारत नसे. वेल्डिंग करताना तोंडावर घ्यायच्या टोपाची काळी काच कधीचीच फुटली होती, ती शेठनं आणली नव्हती. कशाला आणेल? थेंब होते ना!

द्रौपदी फलटणकडची. लग्न होऊन मरोळला आली, गारमेंटमध्ये धागे कापू लागली. नळावर तिच्या वाटेला कुणी जात नसे. राजारामला ताटातली डावीकडची भाजी दिसेना, निजलेल्या पोरीवर त्याचा पाय पडू लागला, तेव्हा तिनं कामावर खाडा केला. तिनंच त्याला ओढत हॉस्पिटलात नेलं.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ह्या थेंबांत स्टिरॉइड आहे. वर्षानुवर्षं टाकलं तर लाली जाते, पण आत डोळ्यातलं प्रेशर वाढतं, शीर मरते. काचबिंदू झालाय ह्यांना!"

"अगो, मग ऑपरेशन करून घ्या! माझ्या आयेचं झालं. चष्मा लावून तांदूळ निवडते."

"तो मोतीबिंदू! ह्यात गेली ती नजर गेली."

"विलायतेत काय काय शोध लागतायत…"

"विचारलं मी. औषधाचे बारीक कण करून नेमकं हवं तिथंच पोचवायची खटपट चाललीय म्हणे. सशांवर! इथं तुम्ही माणसांवर करताय!"

"द्रौपदे, जाऊ दे गं," राजाराम पुटपुटला. "काम जाईल."

"जाऊ दे! काम दुसरं मिळेल. उरलेली नजर कुठल्या नाक्यावर मिळते?"

जयवंत हसला. "आणि मी? शेड उघडल्यापासून टाकतोय, सगळ्यांच्या आधी. आहे ना ठणठणीत?"

द्रौपदीनं बाटली कमरेला खोचली. मग त्याच्यासमोर येऊन उभी राहिली, डॉक्टरीणबाई राजारामला तपासताना उभ्या होत्या तशी.

"उजवा डोळा झाका. माझ्या नाकाकडे बघा. बोटं हलली की सांगा."

"नाटकं सगळी!" म्हणत त्यानं डोळा झाकला. द्रौपदीनं हात त्याच्या डाव्या बाजूला लांब धरला.

"हलवा तर!"

बोटं हलत होती. सगळी शेड बघत होती.

"हलवा ना, वहिनी!"

हात जवळ येत गेला. राजारामनं हातातली भाकर खाली ठेवली. हात तिच्या कानाशी टेकायला आला, तेव्हा जयवंत म्हणाला, "हां, आत्ता हलली."

द्रौपदीचा राग गेला नव्हता, पण आवाज खाली आला. "मघापासून हलवतेय, जयवंतभाऊ. येताय आमच्याबरोबर हॉस्पिटलात?"

"चला," म्हणत जयवंतनं खिळ्यावरचा सदरा ओढला. दाराच्या चौकटीवर त्याचा डावा खांदा आदळला. तो थांबला नाही, वळलाही नाही. तसाच बाहेर गेला.